छोट्या हत्तीतला तक्रार कक्ष

आधी खुलासा करतो. मंगळवारी भर दुपारी सोलापुरात सात रस्ता चौकात छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, टेबलामागं ब्लेझर घालून जो माणूस उभा होता तो मीच. पण मी केबलवाला नाही, मी कुठल्या पक्षाचा उमेदवार नाही, आणि आधारला मोबाइल नंबर लिंक करायचं काम माझ्याकडं नाही. ज्या ताईंनी झेरॉक्स दिली त्यांनी ती परत घेऊन जावी, माझ्या ब्लेझरच्या खिशात आहे.

झालं असं की आमचं चॅनल नव्या जागेत गेलं. आमचं म्हणजे मी जिथं संध्याकाळच्या बातम्या वाचतो ते, सोलापुरातलं, केबलवर दिसणारं, मोठं काही नाही. इतकी वर्षं साखर पेठेत एका पॉवरलूमच्या माडीवर होतो. स्टुडिओ साउंडप्रूफ करायचा म्हणून भिंतींना सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या, तरी खालच्या मागांची खटखट माइकमध्ये यायचीच. लोकांना वाटायचं ते आमचं म्युझिक आहे. एकदा माग बंद होते त्या दिवशी बातम्या वाचल्या तर लोकांचे फोन आले, आज बातम्यात जीव नव्हता म्हणून. आता विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर नवीन स्टुडिओ झालाय. भिंतीत ग्लासवूल, मागचं चित्र बदलायला क्रोमाचा हिरवा पडदा, वेगळा पीसीआर म्हणजे कंट्रोल रूम, बातमी समोर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर, आणि मागं भलीमोठी एलईडी वॉल. ती वॉल तापू नये म्हणून एसी लावलाय. माणसं त्या एसीत बसतात ते निव्वळ वॉलच्या कृपेनं.

तर शिफ्टिंगचा प्रोमो करायचा ठरला. बातमी निघाली नव्या घरी, असं काहीतरी. आमच्या शेठच्या डोक्यात आलं की जुनं न्यूज डेस्क टेम्पोत ठेवायचं, त्यामागं मी ब्लेझर घालून उभा राहायचं आणि वरून ड्रोननं शूट करायचं. मे महिना, पारा ४३ च्या आसपास, आणि ब्लेझर. म्हटलं शेठ, पहाटे करू की. तर म्हणे पहाटे गर्दी नसते, प्रोमोत गर्दी दिसली पाहिजे. डेस्क दोरीनं बांधलेलं होतं, ती दोरी शॉटमध्ये घाण दिसते म्हणून सोडायला लावली. म्हणजे आता डेस्क पडू नये म्हणून मी धरायचं, आणि मी पडू नये म्हणून मी डेस्क धरायचं.

कोंतम चौक गेला, मधलं सगळं कसंबसं गेलं, आणि सात रस्त्याच्या अलीकडं टेम्पो गरम झाला. इंजिनातून वाफ. ड्रायव्हर उतरला, बघितलं, म्हणाला, "सर, पानी घालावं लागतंय. तुमी डेस्क सोडू नका बरं का, काच हाय त्याला," आणि कॅन घेऊन कुठंतरी गेला. ड्रोनवाल्या पोराची बॅटरी संपत आली होती, तो ड्रोन उतरवून सावलीला उसाच्या गाड्यावर गेला. त्यानं मला हात केला. मी करू शकलो नाही, हात डेस्कवर होते.

आणि तेवढ्यात लुनावरून काका आले.

लुना अजून चालते हेच मला माहीत नव्हतं. पांढरी टोपी, हँडलला अडकवलेली रेक्झिनची पिशवी, पिशवीत फाइल. लुना स्टँडला लावली, टेम्पोच्या मागच्या फळीपाशी आले आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू बऱ्याच दिवसांनी सरकारी ऑफिसची खिडकी उघडी सापडली.

"बातम्यावाले ना तुम्ही?"

म्हटलं हो.

"बरं झालं. काउंटर किती वाजेपर्यंत?"

"काका, हे काउंटर नाही, आम्ही ऑफिस शिफ्ट करतोय."

"तेच म्हणतो मी, शिफ्ट कितीपर्यंत? मी मिलमध्ये टाइमकीपर होतो. शिफ्ट मला सांगू नका."

आणि फाइल उघडली. मंडळी, मी आयुष्यात बऱ्याच फायली बघितल्या, पण केबलच्या पावत्यांची अशी फाइल बघितली नाही. महिन्यावार, टाचणीला टाचणी. काकांची पहिली तक्रार ६० पैशांची होती. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर आले, तेव्हा १०० चॅनलला १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. काका फुकटचीच चॅनल बघतात, पेड एकही नाही. "मग तेव्हा १५४ का घ्यायचा तुमचा माणूस? महिन्याला ६० पैसे. वर्षाला ७ रुपये २० पैसे. मी मागत नाही, पण हिशेब द्या."

म्हटलं काका, तो माणूस माझा नाही. मी बातम्या वाचतो. केबलवाला वेगळा, चॅनलवाला वेगळा.

"चॅनल कुठं दिसतं?"

"केबलवर."

"मग?"

इथं मी चूप बसायला पाहिजे होतं असं आता लोक म्हणतात. पण उन्हात उभा होतो, हलता येत नव्हतं, बोलणं तेवढं हातात होतं. मी सगळं समजावून सांगितलं. की आमच्या स्टुडिओतून सिग्नल फायबरनं हेडएंडला, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्राला जातो, तिथं एन्कोड होऊन बाकीच्या चॅनलांबरोबर एकत्र होतो, तिथून तुमच्या भागातल्या ऑपरेटरकडं, त्याच्या नोडवरून कोॲक्स केबलनं खांबाखांबावरच्या ॲम्प्लिफायरमधून तुमच्या घरी, बॉक्समध्ये, टीव्हीत. २०१३ च्या ३१ मार्चची मुदत आली आणि सोलापूरची केबल डिजिटल झाली तेव्हापासून हा असाच प्रवास आहे. मी या साखळीच्या अगदी सुरुवातीला, माझ्यापुढं नुसता माइक. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, म्हणाले, "म्हणजे यात तुमची जबाबदारी नाही."

"नाही ना."

"तसं लिहून द्या."

पेन काढलं. कोरा कागद काढला. त्याखाली कार्बन घातला. कार्बन! मी म्हटलं मी काही लिहून देऊ शकत नाही, माझे हात बघा. म्हणाले ठीक आहे, मी लिहितो, तुम्ही पोच द्या. आणि डेस्कच्याच काचेवर कागद ठेवून, सुवाच्य अक्षरात, "प्रति, माननीय वृत्तनिवेदक साहेब, मु. टेम्पो, सात रस्ता" असा अर्ज सुरू झाला.

आता गंमत अशी की रस्त्यावर एक टेबल असेल, टेबलामागं कोटातला माणूस असेल आणि टेबलापुढं एक म्हातारा अर्ज लिहीत असेल तर आपल्या लोकांना त्यापुढं काही विचारावं लागत नाही. ते थेट रांगेत उभे राहतात. पहिल्यांदा एक ताई आल्या, आधारची झेरॉक्स घेऊन. मग एक पोरगा, त्याला वाटलं सिमकार्ड फुकट देतायत. मग दोन बायका आल्या, त्यांना कशाचंच काही माहीत नव्हतं पण रांग पुढं सरकत नाही म्हणून त्याच आधी तापल्या. कॉलेजची पोरं, "का बे, हे तर टीव्हीवरचं हाय की," म्हणत रील काढायला लागली. एकजण विचारतो, निवडणूक लागली का?

मला सारखे दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे आठवत होते. वरळीच्या केंद्रावरून २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढं वर्षानुवर्षं भिडे बातम्या वाचायचे आणि लोक घरात सरसावून बसायचे. त्यांना कधी कुणी रस्त्यात गाठून म्हटलं असेल का, की साहेब आमच्या गच्चीवर चला, अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडं फिरवून द्या? नसणार. माणूस दिसायला लांबून यावा लागतो, ४०० किलोमीटरवरून दिसला की वृत्तनिवेदक, गल्लीतून दिसला की केबलवाला. मला लग्नात जेवायच्या पंगतीत रिमोट आणून दाखवलाय लोकांनी. बायकोच्या मावशीनं साखरपुड्याला विचारलं होतं, बॉक्स तुम्ही फुकट द्याल ना. असो.

काकांनी तोपर्यंत रांगेचा ताबा घेतला होता. "एकेक. एकेक. लेट आलेले मागं." स्वतःच्या अर्जावर स्वतःच आवक क्रमांक एक टाकला, ताईंना दोन दिला, सिमकार्डवाल्याला तीन. ताईंनी झेरॉक्स माझ्या ब्लेझरच्या खिशात सारली ती याच वेळी, मला हात काढता येत नव्हता. ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन परत आला तर काकांनी त्यालाही अडवलं. तो म्हणाला, "अहो गाडी माझी हाय." काका म्हणाले, "सगळे असंच म्हणतात," आणि तो बिचारा कॅन घेऊन खरंच रांगेत उभा राहिला! मी ओरडतोय, अहो त्याला सोडा, पाणी घालू द्या, तर मागून आवाज, "वशिला चालणार नाही."

तर त्या अर्जात काय होतं ते सांगतो, कारण ६० पैसे हा नुसता चहा होता, जेवण पुढं होतं. काकांची खरी तक्रार अशी की रोज संध्याकाळी आमच्या बातम्यांमध्ये खाली जी पाण्याची पट्टी फिरते, उद्या कुठल्या भागात पाणी येणार त्याची, ती सुरू झाली की बरोबर त्याच वेळी त्यांच्या टीव्हीवर चौकोन चौकोन होतात. पेठांची नावं जातात. त्यांच्या पेठेचं नाव आलं की गेलं हे कळत नाही. आता सोलापूरकरांना सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. उजनी भरो न भरो, आमच्याकडं नळाला पाणी तीन-चार-पाच दिवसांआड, आणि ते कधी येईल ते कळलं नाही की पुढचे चार-पाच दिवस बॅरल कोरडं. काका म्हणाले, "मागच्या महिन्यात चौकोनामुळं आमची पाण्याची पाळी हुकली. सुनेनं टँकर मागवला. टँकरची पावती पण लावलीय."

खरंच लावली होती.

आणि यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चौकोन कुठून येतात ते मला माहीत आहे. खांबावरच्या ॲम्प्लिफायरचा डबा उघडा आहे, त्यात पावसाचं पाणी गेलंय, जॉइंट हातानं पिळून टेप मारलेले आहेत, सिग्नल बॉक्सपर्यंत पोचेपर्यंत अर्धमेला होतो. हे दुरुस्त करायला एलईडी वॉलच्या एका कोपऱ्याएवढे पैसे लागले असते. पण खांबावरचा डबा ऑपरेटरचा, मधली वायर कुणाची ते अजून ठरायचंय, आणि उद्घाटनाला पाहुण्यांना दाखवायला खांब नेता येत नाही.

काकांनी शेवटी विचारलं, "केबलवाल्याची नोंदणी पोस्टात व्हायची ना? हेड पोस्टमास्तरकडं? १९९५ चा कायदा आहे." मी म्हटलं हो, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तसंच होतं. "मग तुमची नोंदणी कुठली?" म्हटलं माझी नोंदणी कुठंच नाही काका, माझा गेल्या दोन महिन्यांचा पगारसुद्धा कुठं नोंदला नाही. हे मी बोलायला नको होतं का? बोललो. ते पहिल्यांदाच जरा नरमले. अर्जाखाली एक ओळ वाढवली: "सदर कर्मचाऱ्याचा पगार थकीत असल्याचे तोंडी समजले." आणि डेस्क स्वतः एका हातानं धरून मला सही करायला लावली.

पुढचं पटकन सांगतो. ड्रायव्हरचा नंबर आला, पाणी घातलं, टेम्पो सुरू झाला, रांग "ओ ओ, थांबा" करत थोडी मागं धावली. ते धावणं ड्रोनवाल्यानं नेमकं टिपलं, कारण ते कार्टं रस पिऊन, बॅटरी बदलून ताजंतवानं होतं.

संध्याकाळी नव्या स्टुडिओतून पहिलं बुलेटिन. आवाज एकदम स्वच्छ, खटखट नाही, मला माझाच श्वास ऐकू यायला लागला, भीती वाटली. मागं एलईडी वॉलवर सिद्धेश्वर तलाव चमकत होता. बुलेटिन संपलं आणि मी मॉनिटरवर बघितलं तर खाली पाण्याची पट्टी नाही. तिथं सराफाची जाहिरात. मी शेठला विचारलं. शेठ म्हणाले, "अरे ती पट्टी नव्या ग्राफिक्सला सूट होत नाही. डाउनमार्केट दिसते. एवढा खर्च केलाय, खाली काय पेठांची नावं फिरवायची?"

म्हटलं शेठ, लोक आपल्याला त्या पट्टीसाठी बघतात. माझ्यासाठी कुणी बघत नाही, माझ्या आईला सोडून, आणि तीपण पट्टीच बघते. मी अर्ज दाखवला, टँकरची पावती दाखवली. शेठनी अर्ज वाचला, पगाराच्या ओळीशी थांबले, ती ओळ वाचलीच नाही असं करून पुढं गेले, आणि एकदम खूश झाले. ड्रोनचं फुटेज त्यांनी बघितलं होतंच. टेम्पोमागं धावणारे लोक! प्रोमोवर त्यांनी स्वतः ओळ लिहिली, नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. आणि आता तो प्रोमो राहिलाय बाजूला, त्याचा कार्यक्रम झालाय. दर गुरुवारी, जुनं डेस्क, छोटा हत्ती आणि मी, वेगवेगळ्या चौकात, फिरता तक्रार कक्ष. नव्या स्टुडिओत एसीत आता एक नवीन मुलगी बसते, चांगली वाचते, तिच्याबद्दल काही नाही.

ब्लेझर कंपल्सरी आहे. ड्रायक्लीनिंगचं बिल मी अकाउंट्सला दिलंय, बघू म्हणालेत. पट्टीचं परत विचारलं तर शेठ म्हणाले, अरे आता तूच आहेस की चौकात, तोंडानं सांग कुठं पाणी येणार ते. आणि कार्यक्रमाला प्रायोजकपण मिळालाय. वॉटर प्युरिफायरवाला.