‘अभ्यास करून लिहा’ म्हणणाऱ्या वॉरलॉक९९ यांना

वॉरलॉक९९,

प्रतिक्रियेबद्दल आभार. परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, आज झोप, उद्या काय ते लिही. दोन दिवस थांबलो. राग उतरला नाही, पण झोप झाली.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममधल्या वॉरलॉकच्या, म्हणजे शाप देणाऱ्या जादूगाराच्या, दोन स्पेकची (खेळायच्या पद्धतींची) मी तुलना केली होती. ॲफ्लिक्शनवाला शत्रूला एकेक शाप लावतो आणि त्याला थेंबाथेंबाने आटवतो. डिस्ट्रक्शनवाला आग साठवत बसतो आणि मग सगळी एकदम अंगावर फेकतो. त्या लेखात एक वाक्य होतं, ‘ॲफ्लिक्शन हा संथ स्पेक आहे.’ त्यावर यांनी लिहिलं:

‘ॲफ्लिक्शनला संथ म्हणणाऱ्याने तो रेडमध्ये कधी खेळलेलाच नाही हे उघड आहे. मॅलेफिक रॅप्चर आल्यापासून तो बर्स्ट स्पेक झालाय. डिबफची मर्यादाही चुकीची दिलीये. मराठीत लिहिताय हे कौतुकास्पद, पण अभ्यास करून लिहा.’

(रेड म्हणजे मोठ्या गटाने मिळून बॉसवर, म्हणजे बड्या शत्रूवर, केलेली चढाई. बर्स्ट म्हणजे थोड्या वेळात एकदम मोठा मारा. डिबफ म्हणजे शत्रूला लावलेला शाप वगैरे. मॅलेफिक रॅप्चर हा ॲफ्लिक्शनचा एक मंत्र, त्याबद्दल शेवटी.)

शेवटापासून सुरुवात करतो. ‘कौतुकास्पद, पण’. हा ‘पण’ मी शाळेपासून ऐकतोय. अक्षर छान आहे, पण. मुलगा हुशार आहे, पण. तुमचा मुद्दा मांडायला त्याची काही गरज नव्हती. ‘मला तो संथ वाटत नाही, कारण अमुक’ एवढं म्हटलं असतंत तर मीही चार ओळींत उत्तर दिलं असतं. आणि ‘उघड आहे’ म्हणजे कुणाला उघड आहे? मी खेळत असताना तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे होतात का?

नव्हतात. म्हणून सांगतो.

२०१० चा हिवाळा, नाशिक. आमचा गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, युरोपातल्या सर्व्हरवर होता आणि मी त्यातला ॲफ्लिक्शन वॉरलॉक. रेड त्यांच्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला. (उन्हाळ्यात ते घड्याळं पुढे सरकवतात तेव्हा साडेअकरा. वर्षातले ते सहा-सात महिने मी जरा माणसात असायचो.) आइसक्राउन सिटाडेल, पंचवीस जणांचा रेड. तुमच्या नावातले ९९ हे जन्मसाल असेल तर तेव्हा आपण पाचवीत असाल.

त्या काळात हाँट हा मंत्र दर आठ सेकंदांनी मारता यायचा, आणि तो किंवा शॅडो बोल्ट हा दुसरा मंत्र लागला की करप्शन हा शाप आपोआप नव्याने सुरू व्हायचा. ही साखळी तुटली की करप्शन हाताने पुन्हा लावा. बॉसचा जीव पंचवीस टक्क्यांच्या खाली गेला की ड्रेन सोलचा, म्हणजे शत्रूला शोषणाऱ्या मंत्राचा, मारा चौपट. पण ड्रेन सोलचा घोट दर तीन सेकंदांनी एकच, आणि मध्येच हाँटसाठी सोडायचा असेल तर घोट पडल्यावर लगेच सोडायचा. आधी सोडलात तर तो गेला. आता हे तीनशेच्या पिंगवर, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला तीनशे मिलिसेकंद लागत असताना, करून बघा. पडद्यावर दिसतंय ते मघाचं असतं. मी कानावर जायचो. वीज गेली की इन्व्हर्टर टूं-टूं करायला लागायचा, आणि त्या आवाजात घोट मोजायचे. शेजारी शंभरपानी वही असायची. प्रत्येक वाइपनंतर (सगळा रेड मेला की वाइप) त्यात लिहायचं, कुठला शाप कधी सुटला आणि का सुटला. ती वही अजून आहे. स्कॅन करून टाकणार होतो, पण तुम्ही म्हणाल अक्षर छान आहे, पण.

आता ‘संथ’. तुम्ही त्याचा अर्थ ‘सोपा’ किंवा ‘आळशी’ असा घेतलात. मी तसं लिहिलेलं नाही. विलंबित ख्यालही संथच असतो, गाऊन बघा. ॲगनी या शापाचंच घ्या. लावल्या लावल्या ती काहीच करत नाही, टाचणी टोचल्यासारखी. मग एकेक थर चढत जातो, दहापर्यंत, तेव्हा कुठे ती चावायला लागते. आणि एकदा सुटली की पुन्हा पहिल्या थरापासून. तिची मुदत अठरा सेकंदांची. संपायच्या आधी पुन्हा लावली तर उरलेला वेळ पुढे जोडला जातो, पण मुदतीच्या तीस टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ५.४ सेकंद. त्याआधी घाई केलीत तर वरचा वेळ फुकट, उशीर केलात तर थर गेले. समोर एकच बॉस असेल तर जमतं. चार शत्रू असले की चार घड्याळं, आणि कुठलीही दोन एका वेळी लावलेली नाहीत.

डिस्ट्रक्शनला हा घोर नाही. इमोलेट लावा, कॉन्फ्लॅग्रेट आणि इन्सिनरेट या आगीच्या मंत्रांनी शार्ड (मोठ्या मंत्रांसाठी खर्चायचे तुकडे) जमवा, दोन झाले की केऑस बोल्ट, आणि तो दर वेळी क्रिटच, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा फटका. दुसरा शत्रू जवळ असेल तर त्याच्यावर हॅव्होक टाका, तोच बोल्ट त्यालाही बसतो. वाटेतले किरकोळ राक्षस दहा सेकंदांत मरतात, तेवढ्यात ॲफ्लिक्शनवाल्याची ॲगनी नुकती रांगायला लागलेली असते. माझ्या लेखातला ‘संथ’ तो हा. त्याची दुसरी बाजूही मी लिहिली होती, ती तुम्ही वाचलीच नाहीत. केऑस बोल्ट उभं राहून मारावा लागतो. पायाखाली आग लागली आणि बोल्ट अर्ध्यावर असला की डिस्ट्रक्शनवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं. ॲफ्लिक्शनवाला पळता पळता ॲगनी लावतो आणि त्याचे आधीचे शाप आपलं काम करतच राहतात.

डिबफच्या मर्यादेबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. एका शत्रूवर एका वेळी सोळाच डिबफ राहू शकत, आणि ती मर्यादा गेम निघाला तेव्हापासूनची, असं मी लिहिलं होतं. गेम २००४ मध्ये आला तेव्हा ती आठ होती, २००५ च्या १.७ पॅचमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) सोळा झाली. चूक माझी. पण त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. चाळीस जणांचा रेड आणि बॉसच्या अंगावर जागा सोळा, मग ॲफ्लिक्शनच्या करप्शनला तिथे कोण बसू देणार? २०१९ मध्ये क्लासिक, म्हणजे जुन्या गेमची पुन्हा काढलेली आवृत्ती, आलं तेव्हा हीच सोळाची मर्यादा परत आली आणि मोल्टन कोअर या रेडमध्ये मी सवयीने करप्शन लावला. रेड लीडरने चाळीस जणांसमोर माझं नाव घेऊन विचारलं की हा कुणाचा. तेव्हापासून सांगितलेला एक शाप लावायचा आणि मग रात्रभर शॅडो बोल्ट. हा अनुभव पुस्तकी अभ्यासात धरायचा का, ते तुम्हीच सांगा.

राहिला मॅलेफिक रॅप्चर. तो २०२० मध्ये, शॅडोलँड्स या गेमच्या विस्ताराबरोबर आला, माहीत आहे. एक शार्ड खर्च केला की लावलेल्या प्रत्येक शापामागे एक तडाखा. पण आधी शाप लावावे लागतातच ना? मग झालं तर. त्यावर वेगळं लिहायची गरज वाटत नाही.

मूळ लेखात सोळाच्या जागी आठ केलंय आणि १.७ चा उल्लेख घातलाय. दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव खाली द्यायची माझी पद्धत आहे. तुमचं अजून टाकलेलं नाही. पुढची प्रतिक्रिया कशी येते ते बघून टाकतो.