स्वस्थ बसायची उठाठेव

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत एकदाचा छापून आला. शाखा, पिढ्या, दत्तक, निपुत्रिक, सगळे पुठ्ठ्याच्या बांधणीत जाऊन बसले आणि बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता जरा स्वस्थ बसा." तोवर माझी समजूत होती की स्वस्थ बसायला काही यावं लागत नाही.

वर्षानुवर्षं मी मोडी कागदांत डोकं घालून होतो. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, त्यात आमच्या पूर्वजांना नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची भारी हौस. म्हणजे गोविंद बल्लाळ, त्याचा बल्लाळ गोविंद, त्याचा पुन्हा गोविंद बल्लाळ! त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत सही करून गेलेला गोविंद यांतला नेमका कुठला, हे ठरवण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. शकाचा इसवी सन करायला ७८ मिळवायची सवय तर इतकी हाडात मुरली आहे, की भाजीवाला "चाळीस" म्हणाला तरी मनात ११८ उमटतात. भाजी स्वस्त वाटते, हा त्यातला फायदा.

पहिल्याच दुपारी शास्त्रोक्त वामकुक्षी करायचं ठरवलं. डाव्या कुशीवर पडलो आणि थोरल्या पातीतली एक विधवा आत्या डोळ्यांपुढे आली, जिचं सासरचं नाव शेवटपर्यंत सापडलं नव्हतं. उठलो. पेपर उघडला तर नजर थेट निधनवार्तांवर. 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' अहो, पण नावं? असल्या मोघम नोंदींनी पुढच्या माणसाचे काय हाल होतात, याची कुणाला कल्पना तरी आहे का?

बरं, घरच्यांचं वागणंही बदललं. पूर्वी "ते लिहितायत" एवढ्यावर माळा झाडणं, सोसायटीची मीटिंग, मुंजीला आदल्या दिवशी पोचणं, सगळं परस्पर टळायचं. टेबलाशी डोळे मिटून बसलो तर "विचार करतायत." आता तोच मी, त्याच खुर्चीत, तसेच डोळे मिटले की, "रिकामेच आहात, तर दळण टाकून या." चक्कीवर रांगेत उभं राहिल्यावर उमगलं, की काय विश्रांती व्हायची ती काम चालू असतानाच झाली.

महामहोपाध्याय पां. वा. काण्यांचं मोठेपण मला तिथंच कळलं. 'व्यवहारमयूख' या धर्मशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या संपादनाला जोड म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास मनात घेतला आणि १९३० ते १९६२ पर्यंत त्याचे पाच खंड निघत राहिले. १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. लोक त्यांच्या विद्वत्तेपुढे हात जोडतात. मी त्या बत्तीस वर्षांपुढे जोडतो. एवढ्या काळात त्यांना कुणी दळण सांगितलं नसणार, हा आपला माझा तर्क.

परवा बायको कुलवृत्तांत चाळत बसली होती. "एवढ्या पानांत मी कुठाय?" मी दाखवलं. माझ्या नावापुढे, कंसात, माहेरच्या आडनावासह. तिनं बराच वेळ तो कंस न्याहाळला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तिची वही, तिचा चष्मा, आणि फोनवर सांगलीची मामी.

"माहेरचा कुलवृत्तांत करायला घेतलाय," फोनवर हात ठेवून ती म्हणाली. "लेकींसकट. आता मला मधेमधे हाका मारू नका. आणि अहो, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा."