रबर आहे हो, ताणेल की!

जुन्या मोटरसायकलच्या सॅडलला, म्हणजे बसायच्या सीटला, नवीन रबरी कव्हर घालायचंय? वा वा. फार सोपं काम आहे. उशीला अभ्रा घालता येतो ना, मग झालं तर. असं मला ज्याने सांगितलं त्याच्याकडे उशी आहे, मोटरसायकल नाही, पण म्हणून काय त्याने सल्ला देऊ नये की काय. माझं नुकतंच झालंय हे काम, म्हणजे झालंय असं म्हणायचं, अंगठे अजून नीट वळत नाहीत आणि हे टाइप करताना दुखतायत, पण म्हटलं राग ताजा आहे तोवर तुमच्यासारख्या होतकरू मंडळींना मार्गदर्शन करून टाकू.

सुरुवात करायची ती जुनं कव्हर फाडण्यापासून. चिरा गेलेलं, कडक झालेलं, हात लावला की तुकडे पडणारं ते कव्हर ब्लेडने कापा आणि लगेच कचऱ्यात टाका. फोटोबिटो काढत बसू नका. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती, कड सॅडलच्या लोखंडी सांगाड्याखाली किती आत वळलेली होती, नाकाचा, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाचा, खिसा किती खोल होता, हे सगळं त्या जुन्या कव्हरवरूनच कळतं, म्हणून तर ते सगळ्यात आधी घालवायचं.

मग ऑर्डर. ऑर्डर करताना फक्त गाडीचं नाव सांगायचं, सॅडल कुठल्या कंपनीची ते सांगायचं नाही, विचारायचं नाही. आता बीएमडब्ल्यूच्या पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्या घ्या, आर-२६, आर-२७, आर-६० वगैरे. त्यांच्यावर डेनफेल्ड कंपनीची सॅडल पण यायची आणि पगुसा कंपनीची पण, दोन्ही रबरी, दोन्ही काळ्या, लांबून बघितलं तर काय फरक आहे म्हणाल, आणि एकीचं कव्हर दुसरीला होत नाही. पण तुम्ही ‘आर-२७ चं द्या’ एवढंच म्हणा, पुढचं नशिबावर. रशियन गाडी असेल तर अजून मजा. एम-७२ ही १९४१ पासून सोव्हिएत युनियनमध्ये बनायला लागली ती बीएमडब्ल्यू आर-७१ वरून उचललेली, तिच्यापासून पुढे उरल, नीपर, चीनची चांग जियांग, म्हणजे गोतावळा केवढा मोठा, आणि विकणाऱ्याच्या पानावर या सगळ्यांना मिळून कव्हर एकच. ‘सर्व मॉडेलला बसते.’ सर्व मॉडेलला बसणारी मला माहीत असलेली एकच गोष्ट म्हणजे धूळ.

लांबी-रुंदीचे आकडे मागू नका. मागितले तर समोरचा दुखावतो.

आता सांगाडा. सांगाडा रंगवून चकचकीत केलात? छान. रंगाखाली वेल्डिंगचे थेंब, गंजाने खाल्लेल्या धारा, एखादा वाकलेला हूक, सगळं तसंच ठेवलंत ना? उत्तम. कानस मारून धार बोथट करणं, बोट फिरवून कुठे टोचतंय का बघणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत. ताणलेल्या रबराला नखाएवढा काप गेला की तो तेवढाच राहत नाही, प्रत्येक खड्ड्याला थोडा थोडा पुढे सरकतो, पण ते नंतरचं नंतर. आणि रंग वाळायला वेळ देऊ नका, बोटाला चिकटत नाही म्हणजे वाळला. कव्हर ओढताना तो सालपटासारखा निघून आतल्या बाजूला जमा होईल, बाहेरून कुणाला दिसतंय.

कव्हर सरकत नाही? ग्रीस लावा. इंजिन ऑइल लावा. गॅरेजमध्ये जे काही चिकट सापडेल ते लावा. सुरेख सरकतं, खरंच सरकतं, मी खोटं सांगत नाही. फक्त नैसर्गिक रबराला खनिज तेल प्यायची हौस असते, ते फुगतं, मऊ लागतं, आणि ज्या कडेने सांगाडा घट्ट धरून ठेवायचा तीच कड ढिली पडते. ‘मग ब्रेक ऑइल लाव, त्याने रबर खराब होत नाही’ असं एका जाणकाराने सुचवलं. बरोबर आहे त्याचं, ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल रबराला काही करत नाही. ते रंग उतरवतं. हा वर रंगवलेला सांगाडा आठवतोय ना? साबणाचं पाणी नावाची एक वस्तू आहे, बसवताना निसरडं, वाळलं की पकड परत येते, पण ती इतकी साधी आहे की ती सांगून कुणाला तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही.

तरी सरकत नाही? रात्रभर ताणून ठेवा, सकाळी सैल होईल. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबरात गंधक घालून ते तापवलं, १८४४ मध्ये पेटंट घेतलं, ते कशासाठी? तर ताणून सोडलं की रबराने परत मूळ जागी यावं, उन्हात चिकट होऊ नये, थंडीत दगड होऊ नये म्हणून. पण त्या बिचाऱ्याला तुमच्या रात्रभराची कल्पना नव्हती.

हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. आहा. यावर थोडं सविस्तर. थंड रबर ताठ असतं हे खरं, म्हणून कव्हर चढवायच्या आधी गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, सगळीकडून सारखं गरम होतं, मऊ पडतं, मग पटकन चढवायचं. पण बादलीत मर्दानगी नाही. म्हणून आपण काय करायचं, आधी गार कव्हर अर्धं चढवायचं, नाक अडकवायचं, मागची कड दोघांनी जीव खाऊन ओढून धरायची, आणि मग तिसऱ्याने त्या ताणलेल्या जागेवर हीट गन धरायची की ‘आता सैल होईल’. होत नाही! ताणलेलं रबर तापवलं की आवळतं, लोखंडासारखं लांबत नाही. जॉन गॉफ नावाच्या इंग्रज माणसाने हे १८०५ मध्ये लिहून ठेवलंय, माणूस लहानपणापासून आंधळा, आणि रबर ताणलं की गरम होतं हे त्याने ओठाला लावून ओळखलं होतं. पुढे जूल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये मोजमाप करून तेच दाखवलं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला जे कळलं ते आज हातात हीट गन घेऊन उभ्या असलेल्या, दोन्ही डोळे शाबूत असलेल्या माणसाला सांगितलं तर तो म्हणतो, ‘तू जरा बाजूला हो, मी करतो.’ आणि वर त्या गनमधून निघणारी हवा कित्येक शे डिग्रीची, नैसर्गिक रबर सत्तर-ऐंशीच्या वर फार काळ राहिलं तर म्हातारं व्हायला लागतं, पण धूर येईपर्यंत आपण थांबायचं नाही.

स्क्रूड्रायव्हर घ्या, टोकदार असलेला.

बसवायची सुरुवात मागून करा. नाक सगळ्यात शेवटी. नाकाचा खिसा सगळ्यात खोल आणि सगळ्यात अरुंद, म्हणजे तो पहिल्यांदा, रबर कोमट आणि हात ताजे असताना भरायचा, मग सांगाडा उलटा करून दोन्ही बाजूंची कड थोडी थोडी आलटून पालटून आत घ्यायची, बसलेला भाग कापडात गुंडाळलेल्या क्लॅम्पने धरून ठेवायचा आणि मागची कमान शेवटी, गुळगुळीत टोकाच्या टायर लिव्हरने. हे असं केलं तर बसतं. म्हणून करू नका.

स्प्रिंगा आधी लावायच्या की नंतर ते विचारू नका, दोन माणसांना विचारलंत तर तीन उत्तरं येतील.

बरं, आता व्हिडिओ. तुम्हाला प्रश्न पडला असेल की इतकं सगळं वाचण्यापेक्षा एखादा व्हिडिओ बघावा. बघा बघा, जरूर बघा. सगळ्या व्हिडिओंची रीत एकच. सुरुवातीला गाडीभोवती कॅमेरा गोल फिरतो, संगीत. मग सॅडल काढतात, चार नट, ते चारही नट दाखवतात, एकेक, जवळून. मग सांगाडा घासणं, ते पण दाखवतात, पॉलिश पेपरचा नंबर सांगतात. रंग मारणं दाखवतात, रंग वाळणं सुद्धा दाखवतात हो, पळवून. मग कव्हरची पिशवी उघडतात, कव्हर हातात घेऊन वास घेतात, खरंच घेतात. मग नाकात सांगाडा सरकवतात आणि म्हणतात, ‘आता इथे थोडा जोर लावायला लागतो’, आणि कट. पुढच्या क्षणी सॅडल गाडीवर, कव्हर चापून चोपून बसलेलं, माणूस शेजारी उभा, शर्ट बदललेला! शर्ट बदललाय म्हणजे मधे एक दिवस तरी गेलाय की नाही? त्या दिवसात काय झालं? कितीजण लागले? कड फाटली का, दुसरं कव्हर मागवलं का, सांगाडा कापून लहान केला का, कारण तेही करतात लोक. आम्ही व्हिडिओ लावला तो नट बघायला नाही लावला, नट आम्हाला येतात सोडवता. आम्हाला तो कट बघायचा होता. तेवढाच. आणि खाली विचारलं तर उत्तर काय, हसरा चेहरा आणि ‘धीर धरा भाऊ’. धीर कसला धरू, सांगाडा धरलाय दोन्ही हातांनी!

कव्हर एकदा बसलं की उन्हात लावून ठेवा आणि चमकायला तेलकट पॉलिश मारा.

आणि नाक दोन बोटं कमी पडलं तर? पडणार. माझं पडलं. सांगाडा मूळचा, सरळ, जुनं कव्हर सोबत ठेवून मापलेला, नवीन कव्हर दोन बोटं आखूड. पट्टी ठेवून फोटो काढला, विकणाऱ्याला पाठवला. उत्तर तयारच होतं, बहुतेक सगळ्यांना तेच जातं: ‘रबर आहे ना सर, ताणतं ते.’ मी आणखी दोघांना विचारलं, ते विकतही नाहीत काही, तेही म्हणाले ताणतं की. तर तुम्हीही ताणा. दात ओठ खाऊन ताणा, बसेल. बसतंच शेवटी. नाकाजवळ रबर पातळ होऊन करडं दिसायला लागेल, त्याला पॅटिना म्हणा, म्हणजे जुनेपणाची शोभा.

आता मस्करी पुरे.

ताणतं हे मला माहीत आहे. रबर ताणतं हे लहान पोराला माहीत आहे. पण हवेत ओझोन असतो आणि तो नैसर्गिक रबराला चिरा पाडतो, आणि त्या चिरा कुठे पडतात तर रबर जिथे सतत ताणलेलं असतं तिथे, ताणाच्या बरोब्बर आडव्या. सैल ठेवलेल्या रबराला पडत नाहीत, ताणलेल्याला पडतात. त्यामुळे दोन बोटं आखूड कव्हर ओढून बसवलं म्हणजे काम झालं असं नसतं, ते कव्हर नाकापाशी फाटणारच, आज नाही तर पुढच्या पावसाळ्याआधी, मग वर माणूस बसो न बसो. मग तुम्ही विकणारे म्हणणार की ऊन लागलं असेल, नीट ठेवलं नसेल, गाडी चालवत नसाल, जुन्या गाड्यांचं असंच असतं. नाही असंच असतं! मूळच्या कव्हरांनी वर्षानुवर्षं काढली कारण ती मापाची होती, साच्यातून निघालेल्या आकारात, जवळजवळ न ताणता सांगाड्यावर बसायची आणि फक्त कडेने आवळून धरायची. तुम्ही जुनं, वाळून आक्रसलेलं कव्हर घेऊन त्याच्यावरून साचा काढलात. आक्रसलेल्यावरून! त्यानंतर नवीन रबरही साच्यातून निघून थंड होताना आणखी थोडं आक्रसतं, त्याचा हिशोब साचा करताना धरायचा असतो, तो पण धरला नसणार. आणि पानावर लिहिलंत ‘ओरिजिनल मोल्ड’. लाज वाटत नाही?

आणि तुम्ही, न विकणारे पण सल्ला देणारे, तुम्हालाही सांगतो. तुम्ही ज्या वेळी ‘ताणेल रे’ म्हणता त्या वेळी तुम्ही त्या विक्रेत्याचं काम फुकटात करता. कुणी तक्रार केली की त्यालाच येत नाही बसवायला असं ठरवून मोकळे. माणूस पट्टीचा फोटो दाखवतोय, आकडा वाचा ना आधी! त्याच्या मनगटात जोर कमी आहे की कव्हर लहान आहे हे फोटोत दिसतंय, पण तुम्हाला फोटो बघायचा नसतोच, तुम्हाला स्वतःचं २० वर्षांपूर्वीचं बसवलेलं कव्हर सांगायचं असतं.

विकायचं असेल तर कव्हर पालथं घाला, नाकाच्या आतल्या टोकापासून मागच्या कडेच्या आतपर्यंत टेप लावा, सगळ्यात रुंद जागेला आडवा टेप लावा, दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये पानावर लिहा, आणि डेनफेल्ड का पगुसा का आणखी कुणाचा सांगाडा ते लिहा. एवढं जमत नसेल तर विकू नका. आणि आखूड निघालेलं कव्हर परत घ्या, माझं अजून घेतलेलं नाही.