सात जानेवारीचा नाताळ आणि टिळक पंचांग

‘युरोपचा नाताळ : कोणी न सांगितलेलं सत्य’ हे ढकलपत्र तुमच्याकडेही आलं असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर ते आबांनी टाकलं. त्यात चार दावे आहेत. युरोपभर २५ डिसेंबरच्या सकाळी सांताक्लॉजच भेटवस्तू देतो. हा सांता कोका-कोला कंपनीने १९३१ साली जन्माला घातला. पोलंडमध्ये नाताळच्या रात्री भुतांसाठी ताट मांडतात. आणि सात जानेवारीला नाताळ करणारे ‘दुसऱ्याच येशूला’ मानतात, ते खरे ख्रिस्ती नव्हेत.

मी वाचून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी आबांनी व्हिडिओ कॉलवर नातवाला सांगितलं, “तुझ्या खोलीतला तो सर्बियन मुलगा सात जानेवारीवालाच ना? जरा लांब राहा त्याच्यापासून.” माझा भाचा म्युनिकला शिकतो, दोन वर्षं त्या मुलाबरोबर राहतोय. आजोबांना तो काही बोलला नाही. रात्री मला फोन केला.

म्हणून चौथ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

येशू एकच, सणही तोच. फरक फक्त कॅलेंडरचा आहे. जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. शतकानुशतकं ती मिनिटं साचत गेली. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरींनी सुधारणा केली, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. सर्बियाच्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, चर्चने जुनं कॅलेंडर सोडलं नाही. आज दोन्हींत १३ दिवसांचं अंतर आहे. म्हणजे सर्बियन माणूस नाताळ २५ डिसेंबरलाच करतो, फक्त त्याच्या चर्चचा २५ डिसेंबर आपल्या भिंतीवर सात जानेवारीला येतो. हे अंतर पुढच्या शतकात १४ दिवसांचं होईल आणि त्यांचा नाताळ आठ जानेवारीला सरकेल. तेव्हा काय तिसरा येशू येणार?

सगळे ऑर्थोडॉक्स सात जानेवारीला करतात असंही नाही. ग्रीस, रुमानिया, बल्गेरिया २५ डिसेंबरलाच करतात. युक्रेनने तर २०२३ मध्ये कायदा करून सुट्टी सात जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. संसदेच्या मतदानाने तिथल्या लोकांचा देव बदलला नाही.

आबा, तुमचं आजोळ रत्नागिरीजवळचं. तिथे काही घरांत टिळक पंचांग पाळतात. अधिक महिन्याचा घोळ झाला की त्यांचा गणपती आपल्या महिनाभर आधी बसतो. आपल्या घरात कोणी म्हटलंय का, की मामाकडचा गणपती वेगळा?

त्या मुलाच्या घरी काय होतं ते भाच्याने सांगितलं, कारण गेल्या वर्षी तो त्यांच्याकडे गेला होता. सहा जानेवारीला ओकची फांदी जाळतात, तिला बाद्न्याक म्हणतात. घरात पेंढा पसरतात. त्या रात्री उपास, म्हणून मांस, दूध, अंडी काही नाही. आमच्या शाकाहारी पोराने प्रेब्रानत्स म्हणजे कांद्यात भाजलेला राजमा पोटभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी चेस्नित्सा नावाची गोल पोळी सगळ्यांनी हाताने तोडली. तिच्यात एक नाणं भाजलेलं असतं. ते कोणाच्या दाताखाली येईल म्हणून सगळे जपून चावत होते. सापडलं त्या मुलाच्या आजीला.

आता बाकीचे तीन. भेटींचा दावा तर म्युनिकमध्येच कोसळतो. तिथे २४ च्या संध्याकाळी भेटी आणतो तो क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू. नेदरलँडमध्ये पाच डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासच्या भेटी येतात, त्याआधी मुलं त्याच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. स्पेनच्या मुलांना खरी ओढ सहा जानेवारीला भेटी आणणाऱ्या तीन राजांची. इटलीत त्याच सुमारास केरसुणीवर बसून म्हातारी बेफाना येते.

कोका-कोलाचं अर्धं खरं, एवढं मान्य करते. १९३१ पासून चित्रकार हॅडन संडब्लॉम यांनी त्यांच्या जाहिरातींसाठी काढलेला गुबगुबीत, हसरा सांता जगभर पोचला. पण व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट यांनी दाढीवाला, गोलमटोल सांता १८६३ पासूनच अमेरिकेत छापला होता. त्याच्याही मागे मायराचे बिशप संत निकोलस आहेत, चौथ्या शतकातले. मायरा आजच्या तुर्कस्तानात आहे.

आणि पोलंडचं ते रिकामं ताट! २४ च्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की सगळे ओप्वातेक नावाची पातळ पापडी एकमेकांना मोडून देतात आणि मग जेवायला बसतात. जास्तीचं ताट असतं ते अवचित दारात आलेल्या पाहुण्यासाठी. काही घरांत त्या ताटाशी गेलेल्या माणसाची आठवणही जोडतात, हे खरं. पण पितृपक्षात आपण पान वाढतो, त्याला भुतांचं जेवण म्हटलेलं आबांना चालेल का?

तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. आबा, तो काढा. आणि सहा जानेवारीच्या आत नातवाला फोन करून त्या मुलाशीही दोन शब्द बोला. त्यांच्या नाताळला ‘ख्रिस्तोस से रोदी’ म्हणतात, ख्रिस्त जन्मला. भाचा तुम्हाला शिकवेल.