पोला नेग्रीच्या दुःखाला सोंग म्हणू नका

आपला प्रियकर, हॉलिवूडचा मूकपटातला नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, याच्या शवपेटीजवळ नटी पोला नेग्री कोसळली ते निव्वळ प्रसिद्धीसाठी, असं तिच्यावरच्या एका लेखात ठोकून दिलंय. वाचून फार वाईट वाटलं.

ऑगस्ट १९२६. तो गेल्याचं कळताच ही हॉलिवूडहून आगगाडीने न्यूयॉर्कला आली. तिने मागवलेली फुलांची भलीमोठी चादर, त्यात पांढऱ्या फुलांनी गुंफलेलं 'पोला' हे नाव. भडक होतं, मान्य. पण ही मूकपटातली नटी. भावना अंगभर दाखवायच्या, हेच तिचं रोजचं काम होतं. खऱ्या दुःखात माणूस लगेच वेगळा कसा होईल? पुढच्याच वर्षी तिने लग्न केलं, म्हणून लोकांनी तिला खोटारडी ठरवलं. पुरुषाने वर्षभरात दुसरं लग्न केलं तर कोणी एवढं उकरून काढतं का हो?

आणि लेखात तिचं आधीचं आयुष्य कुठेच नाही. पोलंडमधल्या लिप्नोची ही अपोलोनिया हाउपेत्स. वडिलांना रशियाच्या झारच्या पोलिसांनी पकडून सैबेरियात धाडलं, मग वॉर्सात आईबरोबर गरिबीत दिवस काढले. बॅले शिकत होती, ते क्षयाने सुटलं. तिथून उठून १९२२ मध्ये थेट हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओपर्यंत पोचली, तेही जर्मनीतल्या चित्रपटांत नाव कमावून.

पुढे एका फ्रेंच मासिकाने तिचं नाव हिटलरशी जोडलं, तेव्हा ती गप्प बसली नाही. कोर्टात गेली आणि जिंकली. लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.