भाषा जेत्यांची, रक्त कोणाचं?

हंगेरीची भाषा मग्यारांची. इ.स. 895च्या सुमारास ते पूर्वेकडून कार्पेथियन खोऱ्यात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या मुलखात, जेते म्हणून उतरले. त्यांच्या सरदारांच्या थडग्यांतल्या हाडांमध्ये आशियाई वारसा ठळक दिसतो. आजच्या हंगेरियन माणसात तो जेमतेम सापडतो. जनुकांच्या हिशेबात हा माणूस शेजारी देशांतल्या लोकांसारखाच आहे. भाषा बदलली, माणसं बहुतांशी तीच राहिली.

पण यावरून ‘जेते फक्त संस्कृती देतात’ असा नियम काढणं मला साफ चुकीचं वाटतं. 2022 साली इंग्लंडमधल्या मध्ययुगाच्या सुरुवातीच्या सांगाड्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्व आणि दक्षिण भागात तेव्हाच्या लोकांचा 76 टक्क्यांपर्यंत वारसा उत्तर समुद्रापलीकडून, म्हणजे आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूने आलेला निघाला. कारण तिथे नुसतं सैन्य आलं नव्हतं. बायकाही आल्या, आणि पिढ्यानपिढ्या लोक येत राहिले. सैन्य जिंकतं आणि विरघळून जातं. कुटुंबं आली की लोकसंख्या बदलते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच खुणेवर निकाल दिल्याने. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं, मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. स्पेनने जिंकलेल्या कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतात वाय गुणसूत्रं सुमारे 94 टक्के युरोपीय आहेत आणि मायटोकाँड्रियल डीएनए सुमारे 90 टक्के मूलनिवासी. लोक तेच! नुसतं वाय पाहिलं तर मूलनिवासी नामशेष झाले असं वाटेल, नुसतं मायटोकाँड्रियल पाहिलं तर स्पॅनिश आलेच नाहीत असं. दहा पिढ्या मागे वंशावळीत पूर्वजांच्या 1024 जागा असतात. वाय त्यातल्या फक्त एकाबद्दल बोलतं. म्हणून ‘माझा हॅप्लोग्रुप (वाय किंवा मायटोकाँड्रियल डीएनएवरून ठरणारा वंशगट) अमुक, म्हणजे मी तमुक जेत्यांचा वंशज’ हे विधान टिकत नाही.

नीट तपासायचं तर त्याच प्रदेशातली विजयाच्या आधीची आणि नंतरची हाडं हवीत, शिवाय जेत्यांच्या मूळ मुलखातलीही. मग संपूर्ण जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची तुलना करायची. मिसळ कधी झाली हे परक्या डीएनएच्या सलग तुकड्यांच्या लांबीवरून कळतं: दर पिढीत ते तुटत जातात, म्हणून लांब तुकडे म्हणजे अलीकडची मिसळ. चुका ठरलेल्या आहेत. श्रीमंत थडगीच उकरली तर जेत्यांचा वाटा फुगतो. दहनाची प्रथा असेल तर त्या लोकांचा डीएनए जवळपास मिळतच नाही. आणि जेते-जित मुळातच जवळचे असले तर वेगळे काढणं अवघड. 1066 साली फ्रान्सच्या उत्तरेकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांचा ठसा धूसर राहतो त्यामागे त्यांची अल्पसंख्या आहे, तसं हेही कारण आहे.

बाल्कनमध्ये, म्हणजे आग्नेय युरोपात, तर तिसरंच चित्र दिसतं. रोमने तिथे शहरं, रस्ते, लॅटिन सगळं नेलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात मात्र इटलीकडचा वारसा फारच कमी सापडला. त्या काळात बाहेरून आलेला मोठा प्रवाह होता अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) लोकांचा, म्हणजे रोमने आधी जिंकलेल्याच मुलखातल्या लोकांचा.