साथीतली कबड्डी : यजमान महाविद्यालयासाठी रोकड्या सूचना

कोरोनासारखी साथ आली की परीक्षा ऑनलाइन जाते, तास मोबाइलवर जातात आणि ग्रंथालयाला कुलूप लागते. कबड्डीचे तसे होत नाही. वर्गात तीन फुटांवर बसून अभंग शिकणे धोक्याचे असते. सात जणांनी मिळून एकाच्या अंगावर पडणे मात्र युवकांच्या सर्वांगीण विकासात मोडते. हा फरक ज्याला उमगला त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. ज्यांच्या महाविद्यालयाकडे यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे यजमानपद आले आहे आणि ज्यांचे संस्थाचालक "मंडपाचं तेवढं बघा" म्हणून मोकळे झाले आहेत, त्यांनी मात्र वाचावे.

आधी खेळ निवडा. इथे काही शहाणे आडवे येतील. म्हणतील, गोळाफेक घ्या. गोळाफेकीचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे असते, त्यात एका वेळी एकच जण उभा राहतो, ७.२६ किलोचा गोळा फेकतो आणि बाजूला होतो. पुढचा येईपर्यंत गोळा पुसून घेता येतो. भालाफेकीत तर जवळ उभे राहायची कोणाची छातीच होत नाही. ऐकू नका त्यांचे. गोळाफेक बघायला येतो कोण? फार तर फेकणाऱ्याचा चुलतभाऊ. शिवाय उद्घाटनाला आलेले साहेब सव्वासात किलोचा गोळा मानेपाशी धरून फोटो काढून घेतील, हे संभवत नाही. कबड्डीत मध्यरेषेवर जाऊन मांडीवर एक थाप मारली की भागते.

आणि विषाणूला क्रीडा संचालक नेमले असते तर त्यानेही हाच खेळ निवडला असता. नियम बघा. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटूने सगळा वेळ, न थांबता, पंचाला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचे. हळू बोलण्यापेक्षा मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त तुषार उडतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. इथे मोठ्याने बोलले नाही तर दम तुटला म्हणून चढाई संपते. २०-२० मिनिटांचे दोन डाव, म्हणजे पूर्ण वेळेच्या चढाया धरल्या तर एका सामन्यात ८०. समोरचे बचावपटू हातात हात गुंफून साखळी धरून उभे असतात. घोटा सापडला की सगळे एकदम कोसळतात, आणि सर्वांत खाली जो असतो त्याचे नाक कोणाच्या तरी काखेत असते. खो-खो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. तिथे नुसतीच पाठीवर थाप असते.

अंतराचे काय, असे कोणी विचारलेच तर गणित तयार ठेवा. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. निम्मे मैदान ६५ चौरस मीटर. बचावाला सात जण. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला नऊ चौरस मीटरहून अधिक जागा. सहा फुटांचे अंतर सहज बसते. चढाईपटू आत येईपर्यंत बसते. अहवालात सामना सुरू होण्याआधीचा फोटो लावायचा असतो, तो यासाठीच.

मास्क खेळाडूंना सक्तीचा करा, पण नाणेफेकीपर्यंतच. मास्क लावून दम घातला तर पंचाला ऐकू जात नाही, घामाने कापड भिजले की त्यातून श्वास ओढला जात नाही, आणि पहिल्याच पकडीत तो मास्क हनुवटीवरून गळ्यात आणि गळ्यातून दुसऱ्याच्या मुठीत जातो. व्यासपीठावरच्यांनी मात्र भाषणापुरता मास्क काढावा. एका सामन्याला मैदानात १४ खेळाडू आणि पंच, गुणलेखक मिळून सहा अधिकारी असतात. व्यासपीठावर त्याहून कमी माणसे असली तर कोणीतरी रुसले आहे असे समजावे.

प्रवेशद्वारावर थर्मल गन हवीच. हे यंत्र कपाळापासून पाचेक सेंटिमीटरवर धरायचे असते आणि माणूस सावलीत थोडा वेळ थांबलेला असावा लागतो. आपल्याकडे ते मनगटावर धरतात, कारण कपाळ दाखवायला टोपी काढावी लागते. उन्हातून चालत आलेल्या पोराचे कपाळ तापलेले असते, मग गन ओरडते. घामाने ओले असले तर आकडा खाली येतो आणि खरा तापही लपतो. बऱ्याच गनवर अंगाचा ताप आणि वस्तूचे तापमान असे दोन पर्याय असतात. बटण चुकून वस्तूवर गेले की साऱ्या संघाचे तापमान ३३ अंश सेल्सियस येते. वैद्यकाच्या हिशेबाने असा संघ थंडीने गारठून आडवा झालेला असायला हवा. तो दारात उड्या मारत असतो. घाबरू नका. नोंदवहीत सगळ्यांपुढे ९७.४ फॅरनहाइट लिहा. एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात, सामने सुरू होण्याआधी लिहून ठेवले तर रांग लवकर सरकते.

ऑक्सिमीटर एक पुरे. बोट गार असले, नखावर मेंदी किंवा रंग असला, हात हलत असला तर ते चुकीचे वाचते; आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबावे लागते. ९५ च्या वर सगळे ठीक. ९३ दिसले तर बोट बदला. दहाही बोटे संपली तर राखीव खेळाडू असतोच, त्याची दहा आणखी.

अँटिजेन चाचणी करणार असाल तर उद्घाटनाच्या सकाळीच करा. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण पाच दिवस लागतात, कधी चौदापर्यंतही जातात, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत चाचणीला काही सापडत नाही. लक्षणे नसलेल्यांमध्ये तर अँटिजेन पुष्कळदा चकते. म्हणजे परवा लागण झालेला पोरगा आज निगेटिव्ह, उद्या उपांत्य फेरीत. तीन दिवसांनी पुन्हा चाचणी घ्यावी असे कोणी सुचवले, तर तोवर तो पोरगा गावी पोहोचलेला असतो, हे त्यांना नम्रपणे सांगा.

निर्जंतुकीकरणाचा फोटो सुंदर येतो, म्हणून त्यावर कंजुषी नको. पाच टक्क्यांचे एक लिटर हायपोक्लोराइट आणि चार लिटर पाणी मिळून एक टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे लागते. उन्हात ठेवलेल्या कॅनमधले क्लोरीन उडत जाते. संडास साफ करायच्या ॲसिडात ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. मॅटवर फवारल्यावर दहा मिनिटे राहू द्यायचे, मग साध्या पाण्याने पुसायचे, नाहीतर पोरांच्या कोपरा-गुडघ्यांची आग होते. आता १६ संघ म्हणजे बाद पद्धतीने १५ सामने. सामन्याला ४५ मिनिटे, फवारणी-पुसणीला वीस. एका मॅटवर सव्वासोळा तास लागतात. तुमच्याकडे मॅट आहे असे गृहीत धरले हे खरे; मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत काळ्या मातीवर मुरूम टाकलेले मैदान असते. मातीवर ओतलेले क्लोरीन मातीतला काडीकचराच खाऊन टाकतो, विषाणूपर्यंत काही पोहोचत नाही. तरी फवारा. पाठीवर पंप घेतलेला शिपाई आणि मागे स्वागताचा फलक, हा फोटो वृत्तपत्रे नाकारत नाहीत. कापसावर फवारलेला पंप त्याच कामाला आणला असेल तर तेवढा तीनदा धुऊन घ्या.

हात धुण्याचे मात्र जरा अवघड आहे. बारा खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक असे १४ जण, गुणिले १६, म्हणजे २२४. वीस सेकंद नळ सोडून हात धुतले तर दोन लिटर पाणी जाते. दिवसातून सहा वेळा म्हणजे २,६८८ लिटर. पाच हजारांच्या टँकरपैकी निम्म्याहून जास्त नुसत्या हातांना. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे कसे मागायचे? साबण लावताना नळ बंद केला तर निम्मे वाचते, पण ते पोरांना सांगायला नळापाशी माणूस लागतो आणि सगळी माणसे व्यासपीठाच्या सजावटीत असतात. म्हणून सॅनिटायझर. एका वेळी तीन मिली धरले तर दिवसाला चार लिटर. मातीने भरलेल्या हातावर ते चालत नाही, आणि कबड्डीत हाताला माती लागतेच. बाटली अर्धी झाली की कोणीतरी पाणी घालून ती पुन्हा भरतो. अल्कोहोल साठ टक्क्यांखाली आले की उरतो तो फक्त वास. वासाने विश्वास वाढतो.

प्रवासभत्ता नेहमीप्रमाणे, म्हणजे एका संघाला एक क्रूझर. किनवटहून नांदेडला बारा खेळाडू, व्यवस्थापक आणि मागे बॅगांवर बसलेला चालकाचा मित्र, काचा बंद, कारण धूळ येते. मैदानावर मोकळी हवा तरी असते. लागण व्हायची ती इथे होते. मग निवास. एका वर्गखोलीत बारा गाद्या. प्रो कबड्डीवाल्यांनी २०२० चा हंगाम घेतलाच नाही आणि पुढचा, डिसेंबर २०२१ पासून, बंगळुरूत एकाच हॉटेलात प्रेक्षकांविना खेळवला. त्याला ते बायो-बबल म्हणाले. तुम्हीही म्हणा. तुमचा बबल मंगल कार्यालयात असेल, त्यात दुसऱ्या दिवशी लग्न असेल, पंगतीला वाढपी तेच असतील, तो भाग वेगळा.

दाखला अमेरिकेचाही देता येतो. तिथल्या बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने ११ ऑगस्ट २०२० ला फुटबॉल पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला, म्हणजे ३६ दिवसांत, पुन्हा खेळायचे ठरवले. एवढेच वाचून दाखवा. रोज प्रत्येक खेळाडूची अँटिजेन चाचणी, बाधित झालेल्याला किमान २१ दिवस सामन्याबाहेर, आणि परत येण्याआधी ईसीजी, इको, हृदयाचा एमआरआय अशा अटी पुढच्या ओळीत आहेत. तो कागद तिथेच दुमडा. आपल्या तालुक्याला ईसीजीचे यंत्र असते, कागदाचा रोल नसतो.

हृदयाची ही भानगड नेमकी काय, हे ठाऊक असलेले बरे, म्हणजे कोणी बोलले की विषय बदलता येतो. विषाणूच्या आजारानंतर काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. साधे चालताना काही वाटत नाही. जोरात खेळताना ठोके बिघडतात आणि खेळाडू उभ्याउभ्या कोसळतो. सूज आहे असे निदान झाले तर तीन ते सहा महिने स्पर्धा बंद, हा नेहमीचा वैद्यकीय सल्ला. छातीत दुखणे, धडधड, चक्कर, पूर्वी न लागणारी धाप, ही खुणेची लक्षणे. आपल्याकडे ती अशी ऐकू येतात : "सर, लई दम लागायलाय." यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उत्तर आहे, "सराव कमी पडलाय, दोन राउंड मार."

मुलांनाच खेळायचे आहे, हे तुमचे सर्वांत भक्कम कारण. ते खोटे नाही. यजमानाच्या मैदानातून विद्यापीठाचा संघ निघतो, तिथून पश्चिम विभाग, तिथून अखिल भारतीय. मागे वयोमर्यादा धावत असते, पुढे शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के दिसत असतात. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोराचे एक वर्ष गेले म्हणजे काय गेले, ते त्याच्या बापाला विचारा. गरज खरी आहे, म्हणून तर ती कामाला येते. वयात एक वर्षाची सूट, खुराकाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात, सरावाला मैदान चारचार जणांच्या गटांना, एवढे एका परिपत्रकात बसले असते. पण परिपत्रकाला मंडप लागत नाही, आणि त्याचे उद्घाटनही करता येत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात १८९७ चा साथरोग कायदा असेल. प्लेगच्या वेळचा, पानभराचा कायदा. त्यात कबड्डी हा शब्द नाही. परवानगीच्या अर्जात 'स्पर्धा' न लिहिता 'निवड चाचणी' लिहा. प्रेक्षक 'स्वयंसेवक' होतील.

आता हमीपत्र. "माझ्या पाल्यास काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही", एवढे एक वाक्य, खाली पालकाची सही. पालक ऊसतोडीला गेलेले असतील तर पोरगा क्रूझरच्या बॉनेटवर कागद ठेवून बापाची सही स्वतःच करतो, आणि बापापेक्षा चांगली करतो. ही हमीपत्रे फाइलला लावून कपाटात ठेवा. साऱ्या स्पर्धेत बंद जागेत, गर्दीपासून दूर आणि कोणाच्याही संपर्कात न येता राहणारी तीच एक गोष्ट आहे.

अहवाल तिसऱ्या दिवशी पाठवून द्या. 'स्पर्धा सर्व नियमांचे पालन करून पार पडली, कोणताही अनुचित प्रकार घडला नाही' हे वाक्य तिसऱ्या दिवशी खरे असते. आठव्या दिवशी त्याची खात्री देता येत नाही.

प्रमाणपत्रे समारोपालाच वाटा. कोणी न्यायला आला नाही, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या रुग्णालयात दाखल आहे असे कळले, तर पोस्टाने घरी पाठवा. फक्त नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरून तपासून घ्या. वेलांटी चुकली तर पुढे प्रत्येक टेबलावर अडते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा खेळाडूलाच यावे लागते.